ऐरणीची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी भागात नवी भट्टी मांडणारे लोक भाता, कोळसा आणि हातोडे यांची चौकशी आधी करतात. ऐरण कशावर ठेवायची हा प्रश्न शेवटी येतो, तोही बहुधा ऐरण पहिल्यांदा जागची सरकल्यावर. खालची उत्तरे कोयता, विळा, कुदळ, खुरपे, पहार असे हातकाम करणाऱ्यांसाठी आहेत, मग ते गावातल्या पालात होवो की सातपूर-अंबडच्या शेडमध्ये.

ऐरण जड असली की जागेवर राहतेच. मग बैठकीचा एवढा विचार कशाला?

जड ऐरणही राहत नाही. ऐरण हलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तिच्या पायाखाली राहिलेली पोकळी. वजनाची कमतरता हे त्यानंतरचे कारण.

मोकळ्या ठेवलेल्या ऐरणीवर घाव पडतो तेव्हा त्यातली काही शक्ती तापलेले लोखंड दाबते आणि उरलेली ऐरणीला ढकलते. हिशेब सोपा आहे. ऐरणीच्या वजनाला ऐरण आणि हातोडा यांच्या एकत्र वजनाने भागा. १ किलोचा हातोडा आणि ५० किलोची ऐरण असेल तर सुमारे ९८ टक्के शक्ती लोखंडाला मिळते. ऐरण २० किलोची असली तरी ९५ टक्के मिळते. म्हणून हलक्या हातकामाला छोटी ऐरण चालून जाते. घण आला की चित्र बदलते. २५ किलोच्या ऐरणीवर ५ किलोचा घण पडला तर लोखंडाला ८३ टक्केच मिळतात, म्हणजे सहा घावांतला जवळजवळ एक घाव ऐरण ढकलण्यात जातो. हातोड्याच्या ५० पट ऐरण हा जुना ठोकताळा यामुळेच आला.

मात्र ऐरण खालच्या ओंडक्याला सगळीकडून टेकून एकजीव बसली, तर ओंडक्याचे वजनही तिच्या मदतीला येते. ४५ सेंमी व्यासाचा, ५५ सेंमी उंच, वाळलेल्या बाभळीचा ओंडका सुमारे ७० किलो भरतो. खाली पोकळी असेल तर हे ७० किलो असून नसल्यासारखे. पट्ट्या, बोल्ट, खिळे ऐरणीला भटकू देत नाहीत, एवढेच त्यांचे काम. पोकळी त्यांनी भरून निघत नाही, हे आधी मनात पक्के करा.

बैठक बरोबर आहे हे ओळखायचे कसे?

तीन गोष्टी करून पाहा. पातळ कागदाची पट्टी चारही पायांच्या कडेने खाली सरकवा. दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त आत गेली तर तिथे पोकळी आहे. मग ऐरणीच्या माथ्याच्या चारही कोपऱ्यांवर छोट्या हातोडीने टकटक करा. एका कोपऱ्यावर खडखड ऐकू आली, तर त्याच कोपऱ्याखाली पोकळी शोधा. शेवटी ऐरणीच्या पायांभोवती ओंडक्यावर खडूने रेघ ओढा आणि नेहमीच्या जोराने ५० घाव घाला. पाय रेघेवरून सुटले तर बैठक कच्ची आहे.

उंची किती ठेवावी?

पायात कामाच्या वेळचीच चप्पल किंवा बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि मूठ वळा. जमिनीपासून बोटांच्या मोठ्या सांध्यांपर्यंत जी उंची येईल, ती ऐरणीच्या माथ्याची उंची. समजा ती ७२ सेंमी आली, ऐरण २५ सेंमी उंच आहे आणि खाली अर्धा सेंमी रबर घालायचे आहे, तर ओंडका ४६.५ सेंमीचा हवा. समोर घण मारणारा जोडीदार असेल तर ५ ते ८ सेंमी खाली घ्या. बारीक नक्षीकाम, छिन्नीने खाचा पाडणे असे डोळ्याजवळचे काम जास्त असेल तर तेवढेच वर.

हा ठोकताळा झाला, खरी परीक्षा फळीवर होते. ऐरणीवर मऊ लाकडाची फळी ठेवा, नेहमीच्या पद्धतीने पाच-सहा घाव घाला आणि वळ पाहा. पूर्ण गोल वळ उमटला तर उंची जमली. वळ तुमच्या बाजूला खोल आणि पलीकडे पुसट असेल तर ऐरण उंच आहे. पलीकडची कड खोल उमटली तर ती ठेंगणी आहे. ओंडका कापताना २ सेंमी जास्तच ठेवा. तासून कमी करता येतो, वाढवता येत नाही.

बसून काम करणाऱ्या लोहारासाठी मुठीचे माप लागू होत नाही. फळीची परीक्षा मात्र बसूनही तशीच करावी.

कोणते लाकूड घ्यावे?

बाभूळ. आपल्याकडे ती मिळते, जड आहे, चिवट आहे, बैलगाडीच्या चाकाला पिढ्यान् पिढ्या वापरलेली आहे. चिंचेचा बुंधा त्याच तोडीचा, आणि खाटकाच्या दुकानातला ठोकळा चिंचेचा का असतो हे एकदा पाहिले की पटते. कडुनिंब चालतो. साग टिकाऊ आहे पण वजनाने हलका आणि फाटायला सोपा, शिवाय त्या पैशात बाभळीचे दोन ओंडके येतील. आंबा आणि निलगिरी टाळा. आंब्याला कीड लवकर लागते, निलगिरी वाळताना पिळवटते.

जुने लाकडी रेल्वे स्लीपर कुठे मिळाले तरी भट्टीजवळ आणू नका. ते बहुधा क्रिओसोट (लाकूड टिकवणारे डांबरी तेल) पाजलेले असतात आणि गरम खपली (तापल्या लोखंडावरून सुटणारे पापुद्रे) पडून धुमसले की त्याचा धूर विषारी असतो.

ओंडका उभाच का ठेवायचा?

लाकडाचे तंतू उभे असले की घाव त्यांच्या टोकांवर पडतो आणि ते दबत नाहीत. आडव्या ओंडक्यावर तंतू चेपतात, सहा महिन्यांत पायांचे खळगे पडतात आणि ऐरण डुलू लागते. जाड बुंधा मिळत नसेल तर १०० × १०० मिमीचे चौकोनी खांब उभे जोडून ठोकळा करता येतो. त्यातून आरपार १२ मिमी आटे असलेल्या सळ्या घाला, दोन एका दिशेने वर-खाली आणि दोन काटकोनात, आणि दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालून आवळा. सळ्या एकमेकींना आपटू नयेत म्हणून भोके वेगळ्या उंचीवर पाडा.

ओंडक्याचा माथा आणि ऐरणीचा तळ जुळवायचा कसा?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

आधी ऐरण उलटी करून तळ पाहा. ओतीव ऐरणीच्या तळाला बहुधा फुगवटा किंवा ओतकामाचे उंचवटे असतात. ते ग्राइंडरने काढा. तळाच्या मधोमध थोडा खळगा असेल तर तसाच राहू द्या. चार पायांवर टेकलेली ऐरण पोटावर डुलणाऱ्या ऐरणीपेक्षा बरी. मग ओंडक्याचा खालचा भाग आधी सपाट करा, वरचा नंतर. उलट केले तर पाणसळ पुन्हा बिघडते. खालच्या बाजूला मधोमध एक सेंमी खोल खळगा कोरा, म्हणजे ओंडका कडेच्या कड्यावर उभा राहील.

ओंडका त्याच्या ठरलेल्या जागी उभा करून माथ्याला पाणसळ लावा. वाकसाने ढोबळ तासा, रंध्याने सारखे करा. आता ऐरणीच्या तळाला काजळी किंवा ओला निळा रंग पातळ फासा, दोघांनी मिळून ती अलगद ठेवा, लाकडी हातोड्याने एकदा ठोका आणि उचला. जिथे डाग उमटले तिथे लाकूड उंच आहे. पटाशीने तेवढेच छाटा आणि पुन्हा ठेवा. पाच-सहा फेऱ्यांत डाग सगळीकडे पसरतात. तीन-चतुर्थांश तळ डागाळला की पुरे. पाय खोलात बसावेत म्हणून १० ते १५ मिमीचा खड्डा कोरण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, पण खपली आणि पाणी आत साचते. खड्डा केलात तर एका बाजूने निचऱ्याची खाच ठेवा.

पाचर मारून किंवा पत्र्याचे तुकडे घालून ऐरण समतल करू नका. तिसऱ्या दिवशी पत्रा बाहेर आलेला असतो.

ओंडका भेगाळला. टाकून द्यावा का?

नाही. उन्हाळ्यात नाशिकची हवा इतकी कोरडी होते की जाड बुंध्याला केंद्रातून कडेकडे भेग जाणे ठरलेलेच आहे. ती घातक नसते. ४५ सेंमीचा ओला बुंधा पूर्ण वाळायला कित्येक वर्षे लागतात, तेवढे थांबणार कोण? उपाय असा: ओल्या ओंडक्याला एका बाजूने, कडेपासून केंद्रापर्यंत, उभी करवतीची चीर द्या. आकसण्याचा सगळा ताण त्या चिरेत उघडतो आणि बाकीचा ओंडका शाबूत राहतो. ही चीर ऐरणीच्या पायाखाली येणार नाही अशी वळवा. दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट किंवा मेण फासले तर लाकूड सावकाश वाळते.

ओंडक्याला चाकासारखी धाव (तापवून बसवायचे लोखंडी कडे) चढवावी का?

पूर्ण वाळलेल्या लाकडाला चढवावी. ओल्या लाकडाला चढवली तर सहा महिन्यांत लाकूड आकसते आणि धाव खाली घसरते.

माप असे काढा. ४० सेंमी व्यासाचा ओंडका, ५० × ६ मिमीची पट्टी. आतला परीघ १२५.७ सेंमी. पट्टी वळवताना तिच्या जाडीमुळे लांबी जास्त लागते, म्हणून व्यासात जाडी मिळवून गुणा: ४०.६ गुणिले ३.१४, म्हणजे साधारण १२७.५ सेंमी. त्यातून आवळण्यासाठी ५ मिमी कमी करा आणि १२७ सेंमीवर कापून सांधा जोडा. मंद लाल तापवली की एवढ्या धावेचा परीघ ९ ते १० मिमी वाढतो, त्यामुळे ती सहज उतरते. बसवल्याबरोबर चहूबाजूंनी पाणी मारा, नाहीतर लाकूड जळून तीच जागा सैल होते. वरच्या कडेपासून ५ सेंमी खाली एक आणि तळापासून ५ सेंमी वर दुसरी, अशा दोन पुरतात.

ओल्या लाकडाला दोन कान असलेली बोल्टची पट्टी लावा. मार्च ते मे दर महिन्याला अर्धा-एक आटा आवळत राहा.

ऐरण ओंडक्याला कशी बांधावी?

दोन पायांवरून आडव्या जाणाऱ्या ४० × ८ मिमीच्या पट्ट्या आणि १२ मिमीचे, किमान १०० मिमी लांब कोच स्क्रू. बाभळीत स्क्रूसाठी आधी ८ ते ९ मिमीचे भोक पाडा, नाहीतर डोके तुटून स्क्रू आतच राहतो. पट्टी अशी वाकवा की ती पायावर टेकल्यावर तिच्या टोकाखाली लाकडापासून २ ते ३ मिमी फट उरेल. ही फट म्हणजे पुढे आवळायला ठेवलेली जागा आहे. पट्टी आधीच लाकडावर बसली असेल तर स्क्रू कितीही फिरवा, ऐरणीला दाब मिळत नाही.

नुसते खिळे वाकवून लावणे सोपे आहे, पण प्रत्येक घावाला ते थोडे वर येतात. वापरायचेच असतील तर १० मिमी सळईच्या, १२५ मिमी पायाच्या कड्या घडवून ठोका.

ऐरणीच्या पायांना भोके पाडू नका आणि पाय कशालाही वेल्ड करू नका. ओतीव लोखंडाला वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच तडा जातो, आणि असमान तळावर बोल्टने आवळलेला पाय एखाद्या थंड सकाळी पहिल्याच घावाला तुटू शकतो.

खाली रबर घालावे का?

पातळ घाला. जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा ४ ते ६ मिमीचा तुकडा बारीक असमानता भरून काढतो आणि आवाज मारतो. त्याहून जाड, मऊ रबर किंवा टायरचे तुकडे घातले तर ऐरण गादीवर ठेवल्यासारखी उसळते. रबर ऐरणीच्या पायांच्या आतच राहील असे कापा, बाहेर आलेल्या कडेवर गरम खपली पडून ती जळते.

सिलिकॉन सीलंटही चांगले काम देते. पूर्ण थर पसरू नका, बोटाएवढ्या समांतर रेघा ओढा आणि त्यावर ऐरण ठेवा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकते आणि दिवसाला २-३ मिमीच आत सुकत जाते, म्हणून रेघांमधून हवा जायला वाट हवी. आठवडाभर घाव घालू नका.

ऐरण फार किणकिणते. आवाज कमी कसा करावा?

बैठक जुळली की निम्मा आवाज तिथेच मरतो. उरलेल्यासाठी कंबरेभोवती जड साखळी घट्ट गुंडाळा, किंवा जुन्या स्पीकरचे गोल चुंबक शिंगाच्या (ऐरणीच्या निमुळत्या टोकाच्या) उलट टोकाखाली चिकटवा. किणकिण कमी झाली म्हणून कानातले बोळे काढून ठेवू नका, घावाचा स्वतःचा आवाज तेवढाच राहतो.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागासाठी ७५ आणि ७०. रात्र म्हणजे १० ते ६. फ्लॅटच्या गॅलरीत किंवा गच्चीवर ऐरण मांडण्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. मांडू नये. आवाज झाकता येईल, पण स्लॅबमधून खालच्या घरात जाणारा हादरा झाकता येत नाही.

ओंडका मिळत नाही. वाळूची पेटी चालेल का?

उत्तम चालते. आतून ३८ × ३८ सेंमी आणि ४० सेंमी उंच पेटीत सुमारे ९० किलो कोरडी वाळू बसते. पेटी ५ मिमी पत्र्याची करा किंवा ४० मिमी फळ्यांची, कोपऱ्यांना अँगल लावून. वाळूवर पेटीत सैल उतरेल असा ७५ मिमी जाड, उभ्या तंतूंचा लाकडी ठोकळा आणि त्यावर ऐरण. ठोकळा पेटीच्या कडांवर टेकता कामा नये, तो वाळूवरच तरंगला पाहिजे. कडांवर टेकला की वाळू निरुपयोगी.

नदीची वाळूच हवी असे नाही. क्रश सँडचे कण टोकेरी असल्याने ती उलट जास्त घट्ट बसते. १०-१० सेंमीचे थर ठोकून भरा. पहिल्या आठवड्यात वाळू एक-दोन सेंमी खचते, तेवढी भर घाला. उंची कमी-जास्त करायची तर वाळू काढा किंवा घाला. दोन वेगळ्या उंचीची माणसे एकाच ऐरणीवर काम करत असतील तर आमच्या मते हीच बैठक घ्यावी.

लोखंडी स्टँडला तीन पाय की चार?

तीन. खडबडीत फरशीवरही तीन पाय टेकतातच, चौथा अधांतरी राहतो. एक पाय शिंगाच्या दिशेने ठेवा, कारण शिंगावर काम करताना ऐरण तिकडेच कलते. तिन्ही पायांची टोके साधारण ५५ ते ६० सेंमी व्यासाच्या वर्तुळावर यावीत. याहून रुंद केले तर तुमच्या पायांना जागा उरत नाही, तुम्ही लांब उभे राहता आणि दिवसअखेर कंबर धरते. वरची प्लेट किमान १२ मिमी, तिला ऐरणीभोवती अँगलची चौकट.

पोकळ पाइपचे पाय वाळूने भरले तर आवाज आणि थरथर दोन्ही कमी होतात. एक धोका लक्षात ठेवा: ओली वाळू भरून पाइप वेल्डिंगने बंद केला तर आत वाफ होऊन तो फुटू शकतो. वाळू कढईत भाजून कोरडी करा, वेल्डिंग आधी संपवा आणि वाळू नंतर एका भोकातून भरून त्याला बोल्टचे बूच लावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा. त्याचा धूर छातीत गेला की ताप येतो.

ओंडका जमिनीत गाडायचा आहे, पण आमच्याकडे काळी माती आहे.

निफाड, दिंडोरीकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यात थेट गाडलेला ओंडका दर हंगामात कलतो. ती माती काढूनच टाकावी लागते. ९० सेंमी रुंद आणि ७० सेंमी खोल खड्डा घ्या. तळाला २० सेंमी खडी घालून धुम्मसाने ठोका. त्यावर ओंडका उभा करा, म्हणजे तो ५० सेंमी जमिनीत जाईल. वर ४६ सेंमी हवा असेल तर ओंडका ९६ सेंमीचा लागेल. ओळंबा दोन बाजूंनी लावा. भोवती मुरूम १० सेंमीच्या थरांनी, किंचित ओला करून, ठोकत भरा. एकदम भरून वरून ठोकलेला मुरूम खाली पोकळच राहतो. शेवटचा थर ओंडक्यापासून बाहेर उतरता करा, म्हणजे पाणी बुंध्याशी थांबणार नाही.

जमिनीत जाणाऱ्या भागाला आणि त्यावर बोटभर डांबर लावा, पण तळाचे टोक उघडे ठेवा, नाहीतर आतला ओलावा कोंडून लाकूड कुजते. लाकूड पहिल्यांदा जमीन आणि हवा जिथे भेटतात तिथे कुजते. दर महिन्याला त्या पट्ट्यात टोच्या टोचून पाहा. भोवती सिमेंट ओतू नका. लाकूड आकसले की सिमेंटमध्ये फट पडते आणि तिच्यात पाणी साचते.

इगतपुरी, त्र्यंबककडच्या पावसात गाडण्यापेक्षा चौथऱ्यावर ओंडका उभा करणे बरे.

एमआयडीसीतल्या शेडमध्ये काँक्रीटची फरशी आहे. तिथे?

ओंडका फरशीवर उभा करा, खाली रबर घाला आणि तीन बाजूंनी ५० × ५० × ६ मिमी अँगलचे तुकडे १२ मिमी अँकर बोल्टने फरशीला बसवा. ते ओंडक्याला सरकू देत नाहीत, धरून ठेवत नाहीत, तेवढेच हवे. ऐरण थेट काँक्रीटवर कधीच ठेवू नका. काँक्रीटचा भुगा होतो आणि घाव हाताला झणझणतो. शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर तेवढ्या जागेची फरशी उचलून घ्या, तिच्याखाली जवळजवळ नेहमीच पोकळी असते.

रुळाचा तुकडा ऐरण म्हणून कसा बसवावा?

उभा. आडव्या रुळात माथ्याखाली पातळ पोट असते, ते स्प्रिंगसारखे थरथरते. मीटरला ६० किलोच्या रुळाचा ६० सेंमीचा तुकडा ३६ किलोचा. तो उभा केला तर घावाखाली सरळ ६० सेंमी पोलाद येते, फक्त माथा लहान मिळतो. खालचे २० सेंमी वाळूच्या पेटीत किंवा ओंडक्यात कोरलेल्या खाचेत उतरवा आणि बाजूंनी लाकडी पाचरी आवळा. इथे पाचर चालते, कारण ती बाजूने दाबते, वजन पेलत नाही.

रूळ पावतीसह, लिलावाच्या भंगारातूनच घ्या. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पावसाळ्याआधी आणि नंतर काय पाहावे?

मेअखेर पट्ट्यांचे स्क्रू तपासा, पण शेवटच्या आट्यापर्यंत आवळू नका. लाकूड जुलैत फुगते आणि घट्ट पट्टीखालचे तंतू चेपून जातात. ओंडक्याखाली पाणी येत असेल तर त्याला विटेवर ठेवू नका, चौथराच १० सेंमी उचला. काम थांबणार असेल तर ऐरणीच्या माथ्याला तेलाचा हात मारा. ऑक्टोबरमध्ये ऐरण एकदा पूर्ण उचला, खालची खपली आणि गंज झाडा, काजळीची परीक्षा पुन्हा करा. पहिल्या वर्षी पटाशी हमखास लागते, दुसऱ्या वर्षीपासून डाग सहसा सगळीकडे सारखाच उमटतो.